पोशीरच्या पाण्यातला पारा मोजण्याआधी

पोशीर नदीच्या पाण्यात पारा आहे का, या प्रश्नाचे उत्तर मोजमाप न करताही देता येते. आहे. जगातल्या प्रत्येक नदीत तो थोडाफार असतोच. पावसाबरोबर उतरतो, झडलेल्या पानांबरोबर ओढ्यात येतो, मातीबरोबर वाहतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो किती आहे, कोणत्या रूपात आहे, आणि उद्या कुरुंग गावाजवळ धरण बांधून पाणी अडवले की त्याचे काय होईल? ही पुस्तिका या प्रश्नापायी तयार झाली आहे. बाटली कोणती घ्यायची, ती कशी धुवायची, नमुना कोणत्या महिन्यात आणि नदीच्या कोणत्या भागात घ्यायचा, प्रयोगशाळेशी काय बोलायचे, हे सगळे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आले आहे. एवढा खटाटोप कशासाठी, ते इथे सांगतो.

आधी नदीविषयी. कर्जत तालुक्याच्या पूर्व अंगाला सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरणारे ओढे एकत्र येऊन पोशीर होते. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, भाताची खाचरे, साग आणि ऐनाचे जंगल यांच्यामधून ती वाहते आणि पुढे उल्हासला मिळते. उल्हासला कर्जतमध्येच पेज नदीतून भिवपुरीच्या वीजगृहाचे पाणी मिळते. 1922 साली सुरू झालेल्या त्या वीजगृहामुळे उल्हासचे पात्र उन्हाळ्यातही वाहते राहते. पोशीरला तसा आधार नाही. ती पावसाची नदी आहे. आषाढात दोन्ही थड्या भरून धावते आणि वैशाखात डोहाडोहांतून कशीबशी तग धरते. खालापूरच्या बाजूला पाताळगंगेच्या काठी खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखान्यांची जशी रांग आहे, तशी पोशीरच्या काठी नाही. त्यामुळे पाऱ्याचा विषय काढला की इथला माणूस सहज म्हणतो, 'आमच्याकडे कारखानाच नाही, पारा येणार कुठून?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी नदीच्या धारेबरोबर खाली कल्याणपर्यंत जावे लागेल.

उल्हास बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करीत वसईच्या खाडीला जाते. कल्याणच्या परिसरात विसाव्या शतकाच्या मध्यापासून रेयॉनचा धंदा वाढला. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्या काळी कॉस्टिक सोडा बनवण्याची रूढ पद्धत होती पाऱ्याच्या सेलची. मिठाच्या द्रावणातून वीज सोडायची, खाली पाऱ्याचा वाहता थर ठेवायचा, सोडियम त्या पाऱ्यात उतरतो, मग पाण्याशी त्याची गाठ घालून कॉस्टिक सोडा वेगळा करायचा. पारा पुन्हा वापरात येतो, पण पूर्ण येत नाही. थोडा हवेत जातो, थोडा सांडपाण्यात. असा थोडा थोडा पारा वर्षानुवर्षे उल्हासच्या खाडीत जात राहिला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचा अभ्यास केला. तो 2003 साली मरीन पोल्यूशन बुलेटिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खाडीच्या गाळात निसर्गतः असायला हवा त्याच्या कितीतरी पट पारा होता.

या अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खाडीत नळी उभी रोवून गाळाचा लांबच लांब गाभा बाहेर काढावा लागला. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. अशा गाभ्याचे थर मोजून, कारखान्यांच्या आधी खाडीत पारा किती होता याचा अंदाज बांधता येतो. कारखाने सुरू होण्याआधी कोणी पाणी तपासून ठेवले नव्हते, म्हणून भूतकाळ चिखलातून उकरावा लागला. पोशीरच्या बाबतीत तो भूतकाळ अजून आपल्या हातात आहे, कारण आजचे पाणी हाच उद्याचा भूतकाळ. धरण होण्याआधीचा आकडा धरण झाल्यावर कोणालाही, कितीही खर्च केला तरी, पुन्हा मोजता येणार नाही.

आता धरणाविषयी. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोशीर आणि शिलार या कर्जत तालुक्यातल्या दोन प्रकल्पांना मान्यता दिली. पोशीर प्रकल्पाची साठवण 12.34 टीएमसी धरलेली आहे आणि पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांच्या पिण्यासाठी आहे. धरण व्हावे की नाही, ज्यांची खाचरे आणि घरे जाणार त्यांचे काय, हे प्रश्न मोठे आहेत. त्यांवर स्वतंत्रपणे बोलले पाहिजे आणि बोलणारे बोलतही आहेत. या पुस्तिकेचा विषय तेवढा विस्तृत नाही. जमीन पाण्याखाली गेली की पाऱ्याचे काय होते, इतकेच आम्ही पाहतो आहोत. मात्र हे 'इतकेच' क्षुल्लक नाही, आणि त्याचा पुरावा जगात दुसऱ्या टोकाला सापडतो.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जेम्स उपसागराच्या बाजूला 1970 च्या दशकाच्या शेवटी ला ग्रांद नदीवर जलविद्युतीसाठी प्रचंड जलाशय भरले गेले. आसपास शेकडो किलोमीटर कारखाना नाही. तरीही काही वर्षांत त्या जलाशयांतल्या माशांमधला पारा कित्येक पटींनी वाढला. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत तो सर्वाधिक होता. तिथले मूळ रहिवासी क्री लोक पिढ्यानपिढ्या त्याच माशांवर जगत आले होते. त्यांच्या केसांचे नमुने तपासले तेव्हा पारा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले, आणि 1986 मध्ये क्री लोक, सरकार आणि वीज कंपनी यांच्यात केवळ पाऱ्यासाठी वेगळा करार करावा लागला. माशांमधली पातळी पूर्ववत व्हायला वीस-तीस वर्षे जावी लागतात. मॅनिटोबातल्या सदर्न इंडियन लेकमध्येही, 1976 मध्ये पातळी वाढवल्यानंतर, हेच घडले होते. उष्ण प्रदेशात फ्रेंच गयानातल्या पेती-सो या जलाशयाच्या तळाशी प्राणवायू संपल्यावर पाऱ्याचे घातक रूप तयार होते आणि धरणाखालच्या नदीत उतरते, हेही संशोधकांनी नोंदवले आहे.

कारखाना नसताना हे कसे होते? झाडांची पाने हवेतला पारा शोषून घेतात. दगडी कोळसा जाळणारी वीजकेंद्रे, सिमेंटचे कारखाने, ज्वालामुखी, जगभरातल्या सोन्याच्या लहान खाणी या सगळ्यांमधून पारा वाफेच्या रूपात हवेत जातो. तिथे तो कित्येक महिने टिकतो आणि देशोदेशी फिरतो. पोशीरच्या खोऱ्यातल्या सागाच्या पानात असलेला पारा कुठून निघाला, हे कोणी सांगू शकणार नाही. शेजारच्या वीटभट्टीत जळलेल्या कोळशातला असू शकतो, चीनमधल्या वीजकेंद्रातला असू शकतो. पान गळते, कुजते, पारा जमिनीच्या वरच्या थरात साठतो. शेकडो वर्षे हे चालू आहे. तो मातीला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून असतो, त्यामुळे एरवी त्याचा उपद्रव होत नाही. ही जमीन पाण्याखाली गेली की पाचोळा, गवत, मुळ्या, भाताची धसकटे कुजू लागतात. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारे काही जिवाणू, विशेषतः सल्फेटवर जगणारे, साध्या पाऱ्याला कार्बनचा एक लहान गट चिकटवतात. त्यातून मिथाइल पारा तयार होतो.

घात करतो तो हा मिथाइल पारा. जीव त्याला सहज शोषतात आणि फार हळू बाहेर टाकतात. शेवाळात थोडा, शेवाळ खाणाऱ्या किड्यात त्याहून जास्त, लहान माशात आणखी, आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीत किंवा वाममध्ये सर्वांत जास्त, अशी ही चढण आहे. वरच्या पायरीवरच्या माशात मिथाइल पारा पाण्याच्या तुलनेत दहा लाख पट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. खाणाऱ्या आईच्या शरीरातून तो नाळेवाटे बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. जपानमधल्या मिनामाता गावात 1956 मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा उपसागरातल्या मासळीत गेला होता. आधी मांजरे वेडीवाकडी होऊन मेली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोबडी वळू लागली, आणि वरकरणी निरोगी दिसणाऱ्या आयांच्या पोटी पंगू मुले जन्मली. कारखान्याचा तो पारा 1968 पर्यंत थांबला नाही. पुढे 2013 मध्ये कुमामोतो येथे जो आंतरराष्ट्रीय पारा करार झाला त्याला याच गावाचे नाव दिले गेले. करार 2017 मध्ये अमलात आला आणि भारताने 2018 मध्ये त्याला मंजुरी दिली.

पोशीरचे मिनामाता होईल असे मी म्हणत नाही. तिथे टनांनी पारा ओतला गेला होता. इथला प्रश्न अगदी कमी पातळीचा आहे, आणि कमी पातळीचा आहे म्हणूनच तो मोजायला अवघड आहे.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मायक्रोग्रॅम, इतका पारा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा असेंद्रिय पाऱ्यासाठी 6 मायक्रोग्रॅम, अमेरिकेची 2. आपली मर्यादा या दोन्हींपेक्षा कडक आहे, ही चांगली गोष्ट. पण या सगळ्या मर्यादा पाणी पिणाऱ्याच्या हिशेबाने ठरल्या आहेत, मासे खाणाऱ्याच्या नव्हे. प्रदूषण नसलेल्या नदीत पारा लिटरमागे साधारण काही नॅनोग्रॅम असतो, आणि नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या परिसरात मासे खाणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांच्या रक्षणासाठी जी मर्यादा ठरवली, ती लिटरमागे 1.3 नॅनोग्रॅम आहे. म्हणजे पिण्याला योग्य ठरलेले पाणी मासळीच्या दृष्टीने शेकडो पट वाईट असू शकते.

हा फरक पोशीरच्याच मापाने सांगतो. 12.34 टीएमसी म्हणजे सुमारे 35 कोटी घनमीटर, म्हणजे 35,000 कोटी लिटर पाणी. त्यात लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम पारा असेल तर एकूण पारा होतो साडेतीनशे किलो. लिटरमागे 1 नॅनोग्रॅम असेल तर साडेतीनशे ग्रॅम. पारा इतका जड की साडेतीनशे ग्रॅम दोन मोठ्या चमच्यांत मावेल. त्या अख्ख्या जलाशयात मिसळलेले दोन चमचे आम्हाला मोजायचे आहेत, आणि ते दोनाचे चार झाले तर तेही कळायला हवे.

म्हणून प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर 'बीडीएल' ही तीन अक्षरे दिसली की थांबून विचार करायला हवा. बीडीएल म्हणजे शोधमर्यादेच्या खाली, त्या यंत्राला दिसू शकेल त्याहून कमी. बहुतेक व्यावसायिक प्रयोगशाळांची व्यवस्था 1 मायक्रोग्रॅमच्या मानकाकडे बघून लावलेली असते. मानक पाळले गेले की नाही, एवढेच त्यांना सांगायचे असते, आणि ते काम त्या नीट करतात. पण नदीतला काही नॅनोग्रॅम पारा अशा यंत्राला दिसणारच नाही. भाताची पोती मोजण्याच्या काट्यावर नाकातली चमकी ठेवली तर काटा शून्यच दाखवणार. 'पारा आढळला नाही' असे ग्रामसभेत वाचून दाखवले जाते, टाळ्या पडतात, फाइल बंद होते. आणि धरण भरल्यावर पाच वर्षांनी पुन्हा तोच बीडीएल आला तर पारा दहा पट वाढला की तेवढाच राहिला, हे त्या दोन रिपोर्टांवरून कोणालाच कळणार नाही. माझ्या मते अशी तपासणी न केलेली बरी, कारण ती खोटा दिलासा देते.

कमी पातळीच्या तपासणीची रीत तुलनेने नवी आहे. 1968 मध्ये हॅच आणि ओट यांनी पाऱ्याची थंड वाफ करून ती प्रकाशाच्या शोषणावरून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या प्रयोगशाळांतले मर्क्युरी अॅनालायझर मुळात त्याच वंशातले. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे समुद्र आणि नद्यांमधल्या पाऱ्याचे छापून येणारे आकडे खऱ्यापेक्षा फार मोठे होते. दोष यंत्राचा नव्हता. बाटलीतून, धुळीतून, प्रयोगशाळेच्या हवेतून, नमुना घेणाऱ्याच्या हातातून येणारा पारा नदीतल्या पाऱ्यापेक्षा जास्त भरत होता. शिशाच्या बाबतीत क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने हे आधी दाखवून दिले. पाऱ्याच्या बाबतीत विल्यम फिट्झगेराल्ड, गॅरी गिल, निकोलस ब्लूम यांनी 1980 च्या दशकात नमुना घेण्याची आणि मोजण्याची रीत इतकी स्वच्छ केली की आकडे धाडकन खाली आले. नद्या स्वच्छ झाल्या नव्हत्या, मोजणारे हात स्वच्छ झाले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या कामावरून 1631 क्रमांकाची पद्धत बसवली. तिची 2002 ची आवृत्ती लिटरमागे 0.2 नॅनोग्रॅमपर्यंतचा पारा ओळखू शकते.

या पद्धतीचा गाभा सोन्यात आहे. सोन्याची अंगठी घालून पाऱ्याला हात लावला की अंगठी पांढरी पडते, हे आपल्याकडे सोनारालाच काय, घरातल्या आजीलाही ठाऊक असते. सोने पाऱ्याला पकडते. प्रयोगशाळेत आधी पाण्यात ब्रोमीन मोनोक्लोराइड घालून सगळ्या प्रकारचा पारा एका रूपात आणतात. मग जादा ब्रोमीन-क्लोरीन मारतात, स्टॅनस क्लोराइडने पारा मोकळा करतात आणि पाण्यातून शुद्ध नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. पाऱ्याची वाफ त्या बुडबुड्यांबरोबर निघते आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूच्या बारीक नळीत अडकते. पाणी मागे राहते. मग नळी तापवायची. सोने पाऱ्याला सोडते, आर्गॉन वायू ती वाफ पुढे नेतो, तिच्यावर 253.7 नॅनोमीटरचा अतिनील किरण पडतो आणि पाऱ्याचे अणू क्षणभर चमकतात. जितके अणू, तितकी चमक. पाण्यातला एक-दोन नॅनोग्रॅम पारा या चमकेतून मोजला जातो.

पण यंत्र कितीही तीक्ष्ण असले तरी नमुना काठावर बिघडला तर ते बिघाडच अचूक मोजेल. म्हणून या पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण नमुना घेण्यावर आहे. साधी पॉलिथीनची बाटली चालत नाही, कारण पाऱ्याची वाफ तिच्या भिंतीतून आरपार जाते. बाटली टेफ्लॉनची किंवा काचेची, टेफ्लॉनचा थर असलेल्या झाकणाची लागते. आम्लात मुरवून धुतलेली ही बाटली दोन पिशव्यांत, एकात एक, बंद होऊन नदीवर जाते. नदीवर माणसे दोन लागतात. एकाने बाहेरची पिशवी, दोरी, वही, खोके, गाडीचे दार, सगळे हाताळायचे. दुसऱ्याने आतली पिशवी आणि बाटली सोडून कशालाच हात लावायचा नाही, स्वतःच्या नाकालाही नाही. पहिला बाहेरची पिशवी उघडून धरतो. दुसरा आतली उघडून बाटली काढतो, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून गुडघाभर पाण्यात उभा राहतो, बाटली पाण्याखाली नेतो आणि झाकण तिथेच काढतो. पाणी भरून, विसळून, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ओततो, पुन्हा भरतो, झाकण पाण्याखालीच लावतो. बाटली आतल्या पिशवीत जाते, मग बाहेरच्या. काठावर कोणी विडी ओढायची नाही, गाडी चालू ठेवायची नाही. ज्याच्या दातांत चांदीसारखे दिसणारे जुने भरण आहे त्याने बाटलीवर श्वास सोडायचा नाही, कारण त्या भरणात निम्मा पारा असतो आणि त्याची वाफ श्वासातून येते. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती. आकडेमोड केली आणि पटला.

आणखी एक बाटली सोबत न्यायची, प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध पाण्याने भरलेली. ती काठावर उघडायची, त्यातले पाणी दुसऱ्या धुतलेल्या बाटलीत ओतायचे, बंद करायचे आणि इतर नमुन्यांबरोबर परत पाठवायची. हा 'फील्ड ब्लँक'. त्यात जितका पारा निघेल तितका आपल्या हातांनी, हवेने, प्रवासाने घातला असे समजायचे. ब्लँक नसलेला नॅनोग्रॅमचा आकडा कोणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये. नमुना घेतल्यापासून 48 तासांच्या आत नमुन्यात संरक्षक द्रावण पडले पाहिजे. कर्जतहून मुंबईची लोकल पकडली तर ही अट आपल्याला जड नाही. दूरच्या, आडवळणाच्या खोऱ्यांतल्या लोकांना ही सोय नसते, ती आपण वापरावी.

नमुने कधी घ्यायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, पाणी नितळ असताना नमुना घेणे सोपे असते, पण त्यातून नदी अर्धीच कळते. पारा गढूळपणाबरोबर फिरतो. पहिल्या मोठ्या पावसात डोंगरावरची माती आणि वर्षभराचा पाचोळा एकदम नदीत येतो तेव्हा एकूण पारा सर्वाधिक असण्याचा संभव असतो. उलट वैशाखातल्या साचलेल्या डोहात एकूण पारा कमी असला तरी मिथाइल पाऱ्याचा वाटा वाढू शकतो. म्हणून मृगाचा पहिला पूर, भर पावसाळा, पावसानंतरचे नितळ पाणी आणि उन्हाळ्यातले डोह, असे चारही काळ हवेत. त्याच वेळी पाण्याचा गढूळपणा, तापमान, विरघळलेला प्राणवायू आणि सेंद्रिय कार्बन नोंदवायला हवा, नाहीतर पाऱ्याच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. जागा निदान चार: कुरुंगच्या वर, जिथे अजून जंगलाचेच पाणी येते, धरणाच्या नियोजित भिंतीच्या खाली, पोशीर गावाजवळ, आणि उल्हासच्या संगमाच्या थोडे अलीकडे. कपडे धुण्याच्या आणि गुरे पाण्यावर आणण्याच्या जागा टाळायच्या, किंवा त्यांच्या वरच्या अंगाला उभे राहायचे.

पाण्याबरोबर मासे आणि गाळही तपासावेत, असा माझा आग्रह आहे. पाणी त्या क्षणाचे सांगते, मासा कित्येक महिन्यांचे सांगतो. शिवाय माशात पारा इतका साठलेला असतो की तो साध्या यंत्रावरही मोजता येतो आणि खर्च कमी पडतो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अन्नातल्या मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे 0.25 मिलिग्रॅम ठेवली आहे. पोशीरच्या मरळी आणि वाम आज या मर्यादेच्या किती खाली आहेत, हे कळले तर पुढची तुलना करता येईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण तिचा विपर्यास होण्याची मला भीती आहे. मासे खाऊ नका, असे सांगण्यासाठी ही पुस्तिका नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा वाड्यावाड्यांतून माणसे ओढ्यावर धावतात. रात्री बत्ती घेऊन मुठे पकडतात. कातकरी आणि ठाकूर घरांतल्या मुलांना मिळणारे उत्तम प्रथिन हेच आहे. गवत, शेवाळ, किडे खाणाऱ्या लहान माशांत पारा सहसा फार कमी असतो. भीतीने मासे सुटले आणि त्या जागी काहीच आले नाही, तर मुलांचे नुकसान पाऱ्यापेक्षा मोठे होईल. मोजमाप हवे आहे ते नेमके याचसाठी. उद्या जलाशय भरल्यावर मोठ्या शिकारी माशांत पारा चढला, तर गरोदर बायकांनी कोणता मासा किती दिवस टाळावा, लहान मासे निर्धास्त खावेत का, एवढे नेमके सांगता आले पाहिजे. आकडा नसेल तर एक तर कोणी काहीच सांगणार नाही, किंवा सगळेच बंद करा म्हणून सांगेल. जेम्स उपसागराच्या काठी सुरुवातीला यातले दुसरे झाले. मासे सोडलेल्या क्री घरांत बाजारचे निकस अन्न आले.

धरणाचे पाणी पिणार ती शहरे. त्यातले मासे खाणार ते खोऱ्यातले लोक. शहरांसाठी 1 मायक्रोग्रॅमची तपासणी पुरेशी आहे आणि ती होईलच, कारण मोठ्या पालिकांकडे प्रयोगशाळा आहेत, माणसे आहेत, कायद्याचा धाक आहे. खोऱ्यातल्या माणसासाठी लागणारी नॅनोग्रॅमची तपासणी कोणाच्या यादीत आपोआप येत नाही. ती मागून घ्यावी लागेल. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात पाण्याच्या गुणवत्तेचे तक्ते असतात. त्यांत पाऱ्याच्या रकान्यात शोधमर्यादा काय लिहिली आहे, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने वाचावे. 'आढळला नाही' एवढेच असेल तर त्यावर लेखी हरकत नोंदवावी. बुडीत क्षेत्रातली झाडे आणि झुडूप पाणी भरण्याआधी काढून नेण्याची अट असावी. कुजायला जितके कमी उरेल तितका जिवाणूंना खुराक कमी. सगळी माती काही काढता येत नाही, पण एवढे करता येते.

प्रयोगशाळा निवडताना चार गोष्टी आधी लेखी विचाराव्यात. नैसर्गिक पाण्यासाठी तुमची शोधमर्यादा लिटरमागे किती नॅनोग्रॅम आहे? धुतलेल्या बाटल्या आणि ब्लँकचे पाणी तुम्ही पुरवता का? नमुन्यात माहीत असलेला पारा मुद्दाम घालून तो परत किती मिळतो हे दाखवता का? मिथाइल पारा वेगळा मोजता का? पहिल्याच प्रश्नाला 'मानकाप्रमाणे' असे उत्तर आले तर पुढे विचारण्याची गरज नाही. देशात हे काम करू शकणाऱ्या संस्था आहेत. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचा पारा जंगलातल्या दगडफुलांत आणि शेवाळांत किती पसरला, हे हैदराबादच्या अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मोजले आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केले. कारखाना 2001 मध्येच बंद झाला होता, पण जंगलाने पारा धरून ठेवला होता. अशी माणसे आणि यंत्रे आपल्याकडे आहेत. त्यांच्यापर्यंत नीट घेतलेला नमुना नेणे हे आपले काम आहे, आणि ते कर्जतच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, थोडा सराव केला तर, सहज जमण्यासारखे आहे. पुढच्या पानांवरची प्रत्येक कृती त्यांनी स्वतःच पुस्तक उघडून करावी, अशाच बेताने लिहिली आहे.

धरणाची घळभरणी होऊन पाणी अडेल, त्याआधी निदान दोन पूर्ण वर्षांच्या, चारही काळांच्या नोंदी हाताशी हव्यात, कारण एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षासारखा नसतो. म्हणजे बाटल्या धुवायला यंदाच्या उन्हाळ्यातच घ्यायला हव्यात.